‘माहीत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

माझ्या मामाचं गाव नांदुरा तालुक्यात, म्हणजे आमच्या बुलडाण्याच्या भाषेत ‘घाटाखाली’. मे महिन्यात तिथे दुपारी बारानंतर कुणी घराबाहेर पडत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी मी ओसरीवर पडलो होतो. वीज गेलेली होती. मामाचा धाकटा, नववीतला, माझ्याजवळ येऊन बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. शेवटी म्हणाला, “भाऊ, माही आयडी गेली.”

“गेली म्हणजे?”

“लेव्हल एकवर आली. सगळं गेलं. बंदुका, कपडे, गाडी, सगळं.” आणि मी काही विचारायच्या आत त्याने स्वतःच निकाल दिला. “माहीच चुकी हाय. नेट जातयेत होतं, तरी मी पुन्हा पुन्हा खोलत राह्यलो.”

दोन वर्षं तो हा गेम खेळत होता. गल्लीतल्या चौघांचा गट होता, त्यातला तो पुढारी. दिवाळीला आजीने दिलेले पैसे त्याने त्यात घातले होते. ते सगळं एका दुपारी पुसलं गेलं आणि याला वाटत होतं की आपणच पुसलं. मला त्या क्षणी जी लाज वाटली, त्या लाजेपोटी हा लेख लिहितो आहे. कारण त्याची चूक नव्हती, हे मला ठामपणे माहीत होतं. आणि ते माहीत असण्याचं कारण असं, की तसा कोड मी स्वतः लिहिलेला आहे.

इंजिनिअरिंग संपल्यावर माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या गेम कंपनीत होती. माझ्याकडे काम आलं ते खेळाडूची माहिती उघडण्याचं आणि साठवण्याचं. मी जे लिहिलं त्याचा मराठी अर्थ एवढाच: ‘डेटाबेसकडे या खेळाडूची माहिती माग. मिळाली तर उघड. नाही मिळाली तर हा नवीन खेळाडू आहे असं समज आणि त्याला कोरी पाटी दे.’ वाचायला किती शहाणं वाटतं! वरिष्ठांनी तपासलं, ठीक म्हणाले, कोड चालू झाला.

पुढे एका रात्री डेटाबेस काही मिनिटं धापा टाकू लागला. त्याच्याकडून वेळेत उत्तर येईना. माझ्या कोडने त्या न आलेल्या उत्तराचा अर्थ ‘अशी कुणी व्यक्तीच नाही’ असा लावला. त्या काही मिनिटांत ज्यांनी गेम उघडला, ते सगळे नवीन खेळाडू ठरले. त्यांच्या हातात कोरी पाटी आली. इथपर्यंतही ठीक होतं, कारण खरी माहिती डेटाबेसमध्ये अजून जशीच्या तशी होती. पण दर काही मिनिटांनी आपोआप साठवण्याची सोयही मीच केली होती. तिने ती कोरी पाटी इमानेइतबारे जुन्या माहितीवर लिहून टाकली.

पुढचे दोन दिवस तक्रारींचा ढीग लागला. आदल्या रात्रीची प्रत आमच्याकडे होती. तिच्यातून एकेका खेळाडूची माहिती काढून परत लावायला दोन-तीन दिवस लागले असते. बैठक झाली. ठरलं ते असं: प्रत्येकाला पाचशे नाणी द्या आणि ‘तांत्रिक अडचणीबद्दल दिलगीर आहोत’ असा निरोप पाठवा. मी त्या बैठकीत होतो. मी काही बोललो नाही.

आता हे प्रकरण मुळात कसं चालतं ते सांगतो, कारण ज्याला ते कळत नाही त्याला ‘तुमच्या नेटचा प्रॉब्लेम आहे’ एवढ्यावर गप्प करता येतं.

गावातला किराणा दुकानदार आठवा. गर्दीच्या वेळी तो प्रत्येक उधारी वहीत लिहीत बसत नाही. डोक्यात ठेवतो आणि जरा उसंत मिळाली की लिहितो. गेमचा सर्व्हरही असाच. तुम्ही आत आलात की तो तुमचं पान डेटाबेसमधून काढून आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो. तुम्ही नाणी जिंकता, बंदूक घेता, ते सगळं आधी डोक्यात. दर काही मिनिटांनी एकदा आणि तुम्ही बाहेर पडताना एकदा ते वहीत उतरतं. प्रत्येक गोळीगणिक लिहीत बसलं तर डेटाबेस कोलमडेल, म्हणून ही पद्धत. रोब्लॉक्ससारख्या मंचावर तर दर मिनिटाला किती वेळा वाचा-लिहायचं यावर मर्यादाच असते, आणि सर्व्हर बंद होताना शेवटचं काही साठवायला फक्त ३० सेकंद मिळतात.

या पद्धतीत दुकानदाराला मध्येच भोवळ आली तर शेवटच्या दहा मिनिटांची उधारी बुडते. गेममध्येही तसं होतं, आणि ते मी माफ करतो. पण दोन चुका अशा आहेत ज्यांना माफी नाही.

पहिली मी केली ती. दुकानदाराला वही सापडली नाही, म्हणून त्याने ‘या गिऱ्हाइकाचं खातंच नाही’ असं ठरवलं आणि जुन्या पानावर नवीन खातं उघडलं.

दुसरी जास्त छुपी आहे. समजा तुमचं नेट गेलं. तुम्ही गेलात हे पहिल्या सर्व्हरला लगेच कळत नाही. तो थोडा वेळ तुमची वाट पाहत तुमचं पान हातात धरून बसतो. इकडे तुमचं नेट परत येतं, तुम्ही गेम पुन्हा उघडता आणि या वेळी दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन पडता. तो डेटाबेसमधून तुमचं पान काढतो. ते जुनंच असतं, कारण पहिल्याने त्याच्याकडचं अजून लिहिलेलंच नाही. आता एकाच खेळाडूची दोन पानं दोन दुकानदारांच्या हातात आहेत. जो शेवटी लिहील त्याचं खरं, दुसऱ्याचं पुसलं.

ही दुसरी चूक कोणाच्या वाट्याला येईल, सांगा बरं! ज्याच्या घरी फायबर आहे आणि वीज गेली तरी इन्व्हर्टर चालतो, त्याचं नेट महिन्यातून एकदा जाईल. ज्याच्या गावात टॉवरची बॅटरी विजेबरोबरच मान टाकते, ज्याला रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं, ज्याचा फोन तीन जीबीचा आहे आणि गेम मध्येच आपटतो, तो एका संध्याकाळी दहा वेळा आत-बाहेर करेल. चूक कोडमध्ये सगळ्यांसाठी सारखीच आहे. पण तिची किंमत नांदुऱ्यातला पोरगा बाणेरातल्या पोरापेक्षा कितीतरी पट जास्त वेळा मोजतो. आणि वर त्यालाच सांगितलं जातं, ‘चांगलं नेटवर्क वापरा.’

या वाक्याचा मला संताप येतो. आम्ही ऑफिसच्या वायफायवर, नव्या फोनवर, थंड खोलीत बसून गेम तपासतो. नेट तुटणं हा आमच्या लेखी अपवाद. माझ्या जिल्ह्यात तोच नियम आहे. ज्याच्यासाठी पूल बांधायचा त्या नदीला पूर येतो, हे माहीत असताना उन्हाळ्यातलं पात्र मोजून खांब उभे करायचे आणि पूल वाहून गेल्यावर नदीला दोष द्यायचा, असला हा प्रकार आहे.

बरं, यावरचे उपाय काही अवघड शोध नाहीत. ते आमच्या धंद्यात जुने आहेत. ‘सापडलं’, ‘नाही असं नक्की कळलं’ आणि ‘कळू शकलं नाही’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. तिसऱ्या उत्तरावर नवीन खातं उघडायचं नाही, खेळाडूला थांबवायचं. जे नीट उघडलं गेलं नाही, ते साठवायचं नाही. पान एका सर्व्हरच्या हातात असेल तर त्यावर कुलूप ठेवायचं, दुसऱ्याने कुलूप निघेपर्यंत थांबायचं. प्रत्येक पानाला आवृत्तीचा क्रमांक द्यायचा, म्हणजे जुन्या पानाला नव्यावर लिहिता येणार नाही. आणि पुसण्याआधीचं पान काही दिवस तरी जपायचं. रोब्लॉक्सच्या साठवणीत जुन्या आवृत्त्या ३० दिवस राहतात, म्हणजे हे जमतं. रिलेशनल डेटाबेसचा पाया १९७० साली घालणाऱ्या एडगर कॉड यांनीच पुढे सुचवलं होतं, की ‘माहिती आहे पण आपल्याला ठाऊक नाही’ आणि ‘ही माहिती इथे लागूच नाही’ यांच्या खुणा वेगळ्या हव्यात. इतक्या वर्षांनी आम्ही अजून दोन्ही एकाच रिकाम्या चौकटीत कोंबतो.

कॉड लांबचे वाटत असतील तर तलाठ्याकडे चला. महसूल खात्याबद्दल चांगलं बोलणारा शेतकरी मी पाहिलेला नाही, पण त्या दप्तराची रचना बघा. जमिनीचा व्यवहार झाला की सरळ सातबारा बदलत नाहीत. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर नवीन नाव चढतं. जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक धरून मागे मागे गेलं तर पणजोबापर्यंतचा माग लागतो. आज आम्ही ज्याला मोठ्या कौतुकाने ‘इव्हेंट लॉग’ म्हणतो, तो हाच: आधी घडलेली गोष्ट लिहा, मग शिल्लक बदला, आणि घडलेलं कधीही पुसू नका. सातबारा सापडला नाही म्हणून कुठलाही तलाठी ‘तुम्हाला जमीनच नाही, हा घ्या नवा कोरा उतारा’ असं म्हणत नाही. म्हटलं तर कुऱ्हाडी निघतील. गेममध्ये कुऱ्हाडी निघत नाहीत, म्हणून आम्ही म्हणतो.

इथे मोठी माणसं मला अडवतात. “अरे, गेमच तर आहे. गेलं ते बरंच झालं, पोरगं अभ्यासाला लागेल.” माझे मामा अगदी हेच म्हणाले. मामांशी मी भांडलो नाही, इथे भांडतो.

पोरं फार खेळतात, हे मला मान्य आहे. त्यावर घरात बोला, वेळ ठरवा, फोन काढून घ्या. पण मुलाचं जे आहे ते त्याला न विचारता, न सांगता, चुकून नष्ट झालं, हा काही संस्कार नव्हे. तुमच्या पोराने दोन वर्षं जमवलेल्या गोट्या शेजाऱ्याने चुकून विहिरीत टाकल्या तर ‘बरं झालं’ म्हणाल का? आणि पैसे खरेच होते. आजीचेच होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या दुपारी तो पोरगा एक धडा शिकला: यंत्र चुकलं तर दोष आपला. हाच धडा घेऊन तो पुढे रेशन दुकानात उभा राहील. मशीनने अंगठा ओळखला नाही की ‘माझ्याच बोटांच्या रेषा पुसल्या’ म्हणत परत फिरेल. शिष्यवृत्तीचा अर्ज अर्ध्यात अडकला की ‘मलाच भरता आला नाही’ म्हणेल. मशीनला अंगठा ओळखता आला नाही, याचा अर्थ माणूस खोटा असा होत नाही. तिथेही ‘कळलं नाही’ला ‘नाही’ समजणारा कुणीतरी कोड लिहिणारा असतो. गेम हे त्याचं सरावाचं मैदान आहे, आणि पोरांचंही.

‘एकदा गेलं की आणता येत नाही’ हेही खोटं आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ऑक्टोबरअखेर त्याचे सर्व्हर भारतासाठी बंद झाले. आमच्या होस्टेलवर त्या रात्री सुतकी वातावरण होतं. मग २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टनने बीजीएमआय आणला आणि जुन्या खात्यातला माल नव्या गेममध्ये हलवण्याची सोय दिली. कंपनी वेगळी, सर्व्हर वेगळे, मध्ये आठ महिन्यांची पोकळी, तरी कपडे आणि बंदुका हलल्या. का हलल्या? कारण खेळाडू परत यायला हवे होते. २८ जुलै २०२२ रोजी हाही गेम दुकानांतून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला, तेव्हाही खाती शिल्लक होती. म्हणजे कंपनीला हवं असेल तेव्हा माहिती देश, कायदा आणि बंदी ओलांडून जाते. एका पोराची हवी असेल तेव्हा मात्र ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’.

मुळात हे सगळं कुणाचं? गेम टाकताना आपण न वाचता ‘मान्य’ दाबतो, तिथे साधारणपणे लिहिलेलं असतं की या वस्तू तुमच्या नाहीत, वापरायची तात्पुरती परवानगी तेवढी तुम्हाला आहे. फार्मव्हिलमध्ये लोकांनी अकरा वर्षं शेती केली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ती शेती बंद झाली. फेरफार नाही, नोटिशीला हरकत नाही. युबीसॉफ्टने ‘द क्रू’ हा विकत घेतलेला गेम ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, तेव्हा युरोपात खेळाडूंनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची चळवळ उभी केली आणि दहा लाखांहून जास्त सह्या जमवल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून डिजिटल वस्तू विकताना ‘ही मालकी नव्हे, परवाना आहे’ असं स्पष्ट सांगणं बंधनकारक झालं. युरोपच्या कायद्यात स्वतःची माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्या २०१९ च्या विधेयकात तो होता, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून तो गळाला. पण त्याच कायद्यात ‘डेटा भंगा’च्या व्याख्येत माहिती अपघाताने नष्ट होणंही येतं. पोराचं खातं पुसलं जाणं त्यात बसतं की नाही, हे कुणीतरी एकदा विचारायला हवं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळण्यावर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. चर्चा सगळी जुगाराची झाली. पोरांनी जे कमावलं त्याच्या वहीची झाली नाही.

माझ्या धंद्यातले मित्र म्हणतील, “तू भावनिक होतोयस. प्रत्येक गोष्ट जपायला खर्च येतो, आणि शंभर टक्के कधीच काही टिकत नाही.” खर्चाचं उत्तर असं, की खेळाडूचं एक पान काही किलोबाइटचं असतं. त्याच पानावरच्या एका कपड्याच्या चित्राला त्याहून जास्त जागा लागते. आणि शंभर टक्क्यांचं उत्तर रोब्लॉक्सने दिलं आहे. २८ ऑक्टोबर २०२१ ला त्यांची यंत्रणा कोसळली आणि तब्बल ७३ तास जगभर गेम बंद राहिला. नंतर त्यांनी कारणांचा सविस्तर अहवाल जाहीर केला आणि खेळाडूंची साठवलेली माहिती गमावली नाही, असं सांगितलं. तीन दिवस दुकान बंद ठेवलं, पण वही फाडली नाही. मला एवढंच म्हणायचं आहे. उत्तर मिळत नसेल तर दार बंद ठेवा. ‘थोड्या वेळाने या’ म्हणा. लोक चिडतील, शिव्या देतील, थांबतील. पण आम्हाला दार बंद दिसायला नको असतं, कारण त्या क्षणी पडद्यावरच्या आलेखात चालू खेळाडूंचा आकडा खाली जातो. म्हणून आम्ही दार उघडं ठेवतो आणि आत कोरी पाटी देतो. आलेख सरळ राहतो.

एक आक्षेप खरा आहे: तक्रारीवर विश्वास ठेवला तर लबाडही येतील, ‘माझी सोन्याची बंदूक गेली’ म्हणतील. येतीलच. पण म्हणून तर फेरफाराची वही हवी. वही असेल तर खरं-खोटं दोन मिनिटांत कळतं. स्वतः वही ठेवायची नाही आणि मग पुरावा पोराकडे मागायचा, ही सोयीची गोष्ट झाली.

वाचणाऱ्यांपैकी निम्मे तरी हा लेख दोन सामन्यांच्या मध्ये वाचत असतील. तुम्हाला तीन कामाच्या गोष्टी सांगतो. ‘गेस्ट’ म्हणून खेळू नका, खातं ईमेलला जोडा. अनेक गेममध्ये गेस्टची ओळख त्या फोनपुरतीच असते. आयडीचा आणि खरेदीचा स्क्रीनशॉट ठेवा. आणि कधी लेव्हल एक दिसली, तर खेळू नका, काही घेऊ नका, लगेच बाहेर पडा आणि तक्रार करा. पुन्हा पुन्हा करा. पाचशे नाण्यांवर गप्प बसू नका. जुनी प्रत बहुतेक वेळा कुठेतरी असते, ती शोधायचे कष्ट घ्यायचे नसतात एवढंच.

आणि कोड लिहिणाऱ्यांनो, पुढची आवृत्ती सोडण्याआधी एक फोन घेऊन ज्ञानगंगा एक्स्प्रेसवेवर नका जाऊ, असा रस्ता अजून व्हायचाय. साध्या लाल डब्यात बसा आणि बुलडाण्याहून मोताळ्याकडे राजूरचा घाट उतरा. वळणावळणाला नेट जाईल, येईल. घाट उतरेपर्यंत तुमच्या खेळाडूचं पान शाबूत राहिलं तर ते लिहिणं खरं.

त्या दुपारी मी मामाच्या पोराला हे सगळं सोपं करून सांगितलं. वही, दोन दुकानदार, कोरी पाटी. तो नीट ऐकत होता. मग मी त्याला माझ्या नोकरीतलीही गोष्ट सांगितली, बैठकीसकट. तो बराच वेळ विचार करत राहिला.

“म्हणजे आदल्या रातची कॉपी होती तुमच्यापाशी?”

“होती.”

“मंग काहून नाही देल्ली?”

वीज आली, पंखा फिरायला लागला. मामी आतून चहाला हाका मारत होती. तो माझ्याकडेच पाहत बसला होता.